साखळीच्या घड्याळाचे यंत्र : उघडण्याआधी आणि उघडल्यानंतर

साखळीचे घड्याळ, म्हणजे कोटाच्या किंवा बंडीच्या खिशात ठेवून साखळीने गुंडीला अडकवायचे चावीचे घड्याळ, हे मनगटी घड्याळाच्या आधीच्या काळातील वेळ पाहण्याचे खासगी साधन होते आणि विदर्भातील जुन्या घरांच्या पेट्यांत, कपाटाच्या चोरकप्प्यांत किंवा दागिन्यांच्या डब्यांत ते आजही बंद अवस्थेत सापडते. असे घड्याळ हाती आल्यावर ते लगेच चालू करून पाहण्याचा मोह स्वाभाविक असला, तरी या घड्याळांत दिसणाऱ्या नुकसानीपैकी थोडेच काळाने केलेले असते. बरेचसे घाईने उघडलेल्या झाकणाने, चुकीच्या तेलाने आणि पितळ चमकवण्याच्या हौसेने झालेले असते. दुरुस्ती आणि जीर्णोद्धार या दोन शब्दांतला भेद म्हणून आधीच लक्षात घ्यायला हवा: दुरुस्ती म्हणजे यंत्र पुन्हा चालते करणे, आणि जीर्णोद्धार म्हणजे मूळ कारागिराने दिलेले रूप, पुसट झालेले असले तरी, शक्य तेवढे राखून ते चालते करणे. गडावरच्या देवळांमुळे नागपूरजवळच्या रामटेकच्या लोकांना जीर्णोद्धार हा शब्द परका नाही. देवळाच्या दगडावर तैलरंग फासणे आणि घड्याळाच्या मुलाम्यावर चिंच घासणे या एकाच जातीच्या चुका आहेत.

या भागात ही घड्याळे कोणत्या वाटेने आली असतील याचा अंदाज बांधता येतो. कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली, कन्हानहून रामटेकला शाखामार्ग आला आणि शेजारच्या मनसरला मँगेनीजची खाण चालू झाली. छावणी, स्टेशन, खाण आणि कचेरी या चारही ठिकाणी सूर्य पाहून भागत नसे, ठरलेली वेळ पाळावी लागे. रामटेकचे रेखांश सुमारे ७९ अंश २० मिनिटे पूर्व असल्यामुळे तेथील स्थानिक वेळ ८२ अंश ३० मिनिटांवर आधारलेल्या भारतीय प्रमाणवेळेच्या साधारण साडेबारा ते पावणेतेरा मिनिटे मागे असते. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली आणि त्याआधी रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेने धावत. सूर्याची वेळ आणि गाडीची वेळ यांतले हे अंतर खिशात बाळगण्याचे काम या घड्याळाकडे होते, आणि घड्याळ दिवसाला किती पुढे-मागे पडते हा प्रश्न त्या काळी हौसेचा नव्हता.

तबकडीवरचे नाव हे यंत्र बनवणाऱ्याचेच असते, असा समज बहुतेकांचा असतो आणि तो बहुधा चुकीचा ठरतो. वेस्ट एंड वॉच कंपनी ही भारतात फार खपलेली स्विस पेढी मुंबई आणि कलकत्ता येथून व्यापार करी आणि तिच्या कित्येक घड्याळांत लाँजीनसारख्या कारखान्यांची यंत्रे बसवलेली असत. फाव्र-ल्युबा या पेढीचाही मुंबईशी जुना संबंध होता. याखेरीज रॉस्कोफ पद्धतीची स्वस्त घड्याळे मोठ्या संख्येने आली, ज्यांच्या तबकडीवर किंवा झाकणावर आगगाडीचे चित्र असे. १८६७ मध्ये बाजारात आलेले जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कोफ यांचे मूळ घड्याळ कामगाराला परवडावे या हेतूने मोजक्या भागांत बसवलेले होते आणि त्यात मधले चाक नव्हते. वाचकाने मागचे झाकण उघडले की प्रथम यंत्राच्या पाट्यांवरची खूण, क्रमांक आणि खड्यांची संख्या वहीत उतरवून घ्यावी, कारण सुटे भाग शोधताना तबकडीवरच्या नावाचा उपयोग होत नाही. यंत्राचा प्रकार आणि व्यास यांनीच भाग सापडतो. हा व्यास घड्याळजी अजूनही ‘लिन्य’ या जुन्या फ्रेंच मापात सांगतात. एक लिन्य म्हणजे २.२५६ मिलिमीटर.

यंत्राचे काम समजल्याशिवाय त्याला हात लावू नये, म्हणून त्याची रचना येथे थोडक्यात सांगितली आहे. चावी दिली की पोलादी पट्टीची मुख्य कमान, जी बॅरल नावाच्या गोल डबीत गुंडाळलेली असते, ती आवळली जाते. ती सुटू पाहते आणि तिचा जोर मधल्या, तिसऱ्या व चौथ्या दातेरी चाकांमधून शेवटच्या एस्केप चाकापर्यंत पोहोचतो, जिथे तो एकदम सुटू नये म्हणून अँकर, ज्याला काही कारागीर पॅलेट म्हणतात, त्याला एकेका दाताने अडवतो आणि सोडतो. अँकरची दुसरी बाजू बॅलन्स चक्राला, म्हणजे मागे-पुढे डोलणाऱ्या चाकाला, ढकलत राहते आणि बॅलन्सच्या आसावर बसवलेली केसकमान, म्हणजे केसाएवढ्या पट्टीची चक्राकार स्प्रिंग, त्याला पुन्हा मधोमध ओढते. विसाव्या शतकातल्या बहुतेक यंत्रांत हे डोलणे ताशी १८,००० ठोक्यांचे, म्हणजे सेकंदाला पाच ठोक्यांचे असते. दिवसाला ४,३२,००० ठोके होतात, आणि घड्याळ दिवसाला एक मिनिट मागे पडते म्हणजे या संख्येत हजारातून एकाहूनही कमी चूक होते. बॅलन्सच्या आसाचे टोक, ज्याला पिव्हट म्हणतात, ते साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचे असून माणिकाच्या खड्याच्या छिद्रात फिरते. जुन्या घड्याळांत धक्का शोषून घेण्याची सोय नसते, म्हणून एकदा फरशीवर पडलेल्या घड्याळाचे हे टोक मोडण्याची शक्यता सर्वांत मोठी.

उघडण्याआधी बाहेरून पुष्कळ कळते आणि त्यासाठी पाच-दहा मिनिटे खर्च करणे फायद्याचे असते. चावी अगदी सैल फिरत राहिली आणि आवळल्याचा भास झाला नाही तर कमान तुटली आहे किंवा तिचे टोक डबीतून सुटले आहे. चावी पूर्ण आवळलेली असूनही घड्याळ थांबलेले असेल तर कमान ठीक आहे, पण जोर पुढे पोहोचत नाही, म्हणजे मळ, वाळलेले तेल किंवा मोडलेला पिव्हट यांपैकी काहीतरी आहे. घड्याळ आडवे ठेवल्यावर चालते आणि उभे केले की थांबते, असे दिसल्यास पिव्हट झिजलेला असू शकतो किंवा बॅलन्सचे वजन एका बाजूला झुकलेले असू शकते. एकाएकी दिवसाला पाच-दहा मिनिटे पुढे धावणाऱ्या घड्याळाची केसकमान बहुधा चुंबकत्वामुळे चिकटलेली असते. मोबाइलचा स्पीकर, पर्सची चुंबकी कडी आणि स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी हे आजचे उपद्रवी शेजारी आहेत. ‘चावी जास्त दिली म्हणून घड्याळ बंद पडले’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते, पण चावी पूर्ण दिल्याने घड्याळ बंद पडत नाही. तेल सुकल्यामुळे पूर्ण आवळलेली कमानसुद्धा चाके फिरवू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्र उघडण्याच्या पद्धतीत एक नियम मोडता येत नाही: काहीही सोडवण्याआधी मुख्य कमानीचा जोर उतरवावा. यासाठी चावीचे डोके, किंवा किल्लीच्या घड्याळात किल्ली, बोटांत घट्ट धरावी, बॅरलच्या दातेरी चाकाला अडवणारा खटका काडीने बाजूला दाबावा आणि डोके बोटांच्या चिमटीतून हळूहळू, थोडेथोडे मागे फिरू द्यावे. हे न करता अँकर सोडवला तर आवळलेल्या कमानीचा सगळा जोर मोकळ्या झालेल्या चाकांवर क्षणात येतो, ती भिरभिरत सुटतात आणि दातांसह पिव्हट मोडतात. शिकाऊ कारागिराच्या हातून होणारी ही सर्वांत महागडी चूक. जोर उतरवल्यानंतर बॅलन्सचा पूल सोडवावा: ज्या पट्टीखाली तो डोलतो ती कॉक नावाची पट्टी एका स्क्रूवर असते. ती उचलताना बॅलन्स केसकमानीला लटकून येतो आणि तो फार वेळ लटकत ठेवला तर केसकमान ताणली जाते. पूल उलटा करून ठेवावा आणि चक्र त्यावर शांत बसू द्यावे.

स्क्रूंबद्दल दोन गोष्टी पुस्तकांत क्वचित ठळक केलेल्या असतात. चावीच्या बाजूचे जे चाक बॅरलच्या चाकाला फिरवते त्याचा स्क्रू पुष्कळ यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो आणि तो नेहमीच्या दिशेने जोर लावून फिरवला तर त्याचे डोके तुटते. काही कारखाने त्याच्यावर दोन जादा खाचा पाडून तो ओळखू देतात. दुसरे असे की चावीचा दांडा सोडवणारा छोटा स्क्रू एक-दोन आटेच ढिला करायचा असतो. तो पूर्ण काढला तर तबकडीखालचा सेटिंगचा पट्टा सुटून पडतो आणि पुन्हा बसवण्यासाठी तबकडी काढावी लागते. प्रत्येक स्क्रू स्वतःच्याच छिद्रात परत गेला पाहिजे, म्हणून जाड कागदावर यंत्राचा आकार काढून त्या त्या जागी स्क्रू टोचून ठेवण्याची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे, आणि आज तिच्या जोडीला प्रत्येक पायरीचे मोबाइलवर छायाचित्र घेता येते. टेबलावर पांढरे कापड, खाली पडलेला भाग सापडावा म्हणून मांडीवर घेतलेला पंचा, पंखा बंद आणि एकाच जागी बसवलेला दिवा, एवढी तयारी करूनच बसावे.

साफसफाईच्या विषयात रामटेकची हवा विचारात घेतल्याशिवाय चालत नाही. एप्रिल-मेमध्ये तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, कोरडी धूळ झाकणाच्या बारीक फटीतूनही आत जाते आणि तेल पातळ होऊन छिद्रातून बाहेर पसरते. जूनअखेर पाऊस सुरू झाला की तीच धूळ ओल धरून पोलादी दांड्यांवर तांबेरा आणते. म्हणून येथे साठवलेले घड्याळ दर तीन-चार वर्षांनी उघडून पाहावे, चालत नसले तरीही. सगळे भाग सुटे केल्यावर ते पांढऱ्या पेट्रोलमध्ये किंवा घड्याळाच्या सफाईच्या द्रवात झाकणाच्या काचेच्या वाटीत बुडवून मऊ कुंचल्याने पुसतात आणि खड्यांची छिद्रे टोकदार केलेल्या लाकडी काडीने, काडी स्वच्छ निघेपर्यंत, फिरवून साफ करतात. यासाठी बाहेरून मागवलेले खास लाकूड मिळते, पण बांबूची सरळ, गाठ नसलेली काडी बारीक तासून घेतली तरी चालते. पेट्रोलच्या वाफा उन्हाळ्यात वेगाने भरतात, म्हणून हे काम चुलीपासून, गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या समईपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करावे.

एका जागी मात्र वाचकाने थांबले पाहिजे, आणि ती जागा विदर्भाच्या ओळखीच्या वस्तूशी जोडलेली आहे. अँकरच्या दोन टोकांवर बसवलेले माणिकाचे तुकडे, आणि पुष्कळ यंत्रांत बॅलन्सच्या चकतीवरचा छोटा खडा, हे लाखेने चिकटवलेले असतात: पळस, कुसुम आणि बोर यांच्या फांद्यांवरून खरवडून, गाळून जे शेलॅक तयार होते तेच. शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळते. पेट्रोलमध्ये त्याला फारसे काही होत नाही, पण वाळवण्याची घाई म्हणून स्पिरिटमध्ये बुडवलेला अँकर काढला की त्याचे दगड वाटीच्या तळाशी सापडतात, आणि ते परत योग्य खोलीवर बसवणे हे भिंगाखाली गरम केलेल्या पट्टीवर, केसाच्या अंशाएवढ्या मापाने करायचे काम असते. म्हणून अँकर आणि बॅलन्स यांना स्पिरिट अजिबात लावू नये. ते वेगळे ठेवून पेट्रोलमध्ये क्षणभर बुडवावेत आणि हवेच्या फुंकणीने वाळवावेत, तोंडाने फुंकू नये, कारण तोंडाच्या वाफेतली ओल पोलादावर राहते.

पितळी पाट्या घासण्याबद्दल मतभेदाला जागा नाही. घड्याळाच्या पाट्या दिसायला पितळी असल्या तरी त्यांवर निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा असतो आणि त्याचे दाणेदार, मंद तेज हेच मूळ कारागिराचे काम आहे. घरी भांडी उजळवण्यासाठी वापरतात ती चिंच, लिंबू किंवा पूड एकदा फिरली की मुलामा निघतो आणि पुन्हा येत नाही. निळे स्क्रू हेदेखील रंगवलेले नसतात. पोलाद सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवल्यावर त्याच्या पृष्ठभागावर येणारा तो रंग आहे, आणि काचकागद लावला की तो जातो. तांबेरा असल्यास स्वच्छ तेलाचा थेंब काही दिवस मुरू द्यावा आणि नंतर पितळेच्या बारीक सुईने खरवडावा; पिव्हटवर तांबेरा असेल तर तो साफ करण्याचा प्रयत्न घरी न करणे बरे.

मुख्य कमान बदलावी की नाही याचा निर्णय ती डबीतून बाहेर काढल्यावर दिसतो. चांगली जुनी कमान मोकळी झाली की उलट्या दिशेने वाकून इंग्रजी ‘एस’ सारखी किंवा निदान ऐसपैस पसरते. थकलेली कमान डबीच्याच आकारात आवळलेली राहते आणि ती चावीच्या शेवटी शेवटी घड्याळ मंद करते. नवीन कमान घेताना उंची, जाडी आणि लांबी ही तिन्ही मापे जुळली पाहिजेत. जाडी किंचित जास्त घेतली तर जोर वाढतो, लांबी जास्त घेतली तर डबीत फिरायला जागा उरत नाही. जुना ठोकताळा असा की डबीच्या आतल्या अंतराचा एक तृतीयांश मधल्या आसाने, एक तृतीयांश गुंडाळलेल्या कमानीने आणि एक तृतीयांश मोकळ्या जागेने व्यापावा. कमान हाताने गुंडाळू नये, त्यामुळे ती शंकूसारखी वर येते आणि झाकणाला घासते; कमान भरण्याचे यंत्र असलेल्या घड्याळजीकडून हे एक काम करून घेण्यात कमीपणा नाही.

तेल हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा, आणि घरोघरी सर्वांत जास्त चुकणारा भाग आहे. खोबरेल तेल घड्याळात घालू नये. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते, म्हणजे विदर्भातल्या हिवाळ्याच्या सकाळी ते यंत्रात घट्ट झालेले असते, आणि काही महिन्यांत ते चिकट होते ते वेगळेच. शिवणयंत्राचे तेल पातळ असले तरी जागेवर थांबत नाही, पाटीवर पसरून केसकमानीपर्यंत जाते, आणि कमानीची दोन वेटोळी तेलाने चिकटली की घड्याळ भरधाव पुढे धावू लागते. यंत्रावर गंजविरोधी फवारा मारणे तर थेट नाश आहे. जुन्या काळी घड्याळांना पोरपॉइज नावाच्या समुद्री प्राण्याच्या जबड्याचे तेल वापरत. आज कृत्रिम तेले मिळतात आणि वेगाने फिरणाऱ्या भागांना पातळ, हळू फिरणाऱ्या मोठ्या आसांना जाड, आणि चावीच्या दातांना व कमानीला ग्रीस, असा भेद ठेवावा लागतो. मोबियस या स्विस पेढीचे ९०१० हे पहिल्या प्रकारचे नेहमीचे उदाहरण. प्रमाण असे की खड्याच्या भोवतीच्या वाटीसारख्या खळग्याचा अर्धा ते दोन तृतीयांश भाग भरावा आणि थेंब बारीक सुईच्या टोकाने ठेवावा. वाटी ओसंडली की तेल पाटीवर ओघळते आणि छिद्र कोरडे पडते. अँकरच्या दगडांच्या टोकांना अगदी कणभर तेल लागते, पण अँकरच्या पिव्हटना तेल लावत नाहीत, आणि केसकमानीला व बॅलन्सच्या बाहेरच्या कडेला तर तेलाचा स्पर्शही होता कामा नये.

पुन्हा जोडणी करताना यंत्र स्वतःच सांगते की ते साफ झाले आहे की नाही. अँकर न बसवता फक्त चाके व बॅरल बसवून बॅरलला बोटाने किंचित ढकलले तर सगळी चाके निर्वेध फिरली पाहिजेत आणि थांबण्याच्या क्षणी थोडी उलटी वळली पाहिजेत. ती अचानक अडून थांबली तर दातात मळ आहे किंवा आस वाकडा आहे. नंतर अँकर बसवून दोन-तीन वेळा चावी द्यावी आणि अँकरचा दांडा काडीने एका बाजूला हलवावा. तो झटक्याने दुसऱ्या बाजूला जाऊन थांबला पाहिजे. सगळे ठीक असेल तर बॅलन्स ठेवताच तो आपोआप डोलू लागतो, आणि हा क्षण कितीही जुन्या कारागिराला कंटाळवाणा होत नाही. पूर्ण चावी दिल्यावर बॅलन्सने दोन्ही बाजूंना साधारण पाऊण फेरा, म्हणजे सुमारे २७० अंश, घ्यावा. २२० अंशांच्या खाली गेल्यास यंत्रात अजून ओढ आहे असे समजावे. मायक्रोफोनने ठोके ऐकून हा आकडा आणि दिवसाची चूक दाखवणारे टाइमग्राफर नावाचे उपकरण आता बरेच स्वस्त झाले आहे. जुन्या इंग्रजी यंत्रांत अँकरने बॅलन्सला ढकलण्याचा कोन वेगळा असल्यामुळे या उपकरणात चुकीचा कोन भरून मिळालेला आकडा खरा मानू नये.

उष्णतेचा परिणाम हा रामटेकच्या वाचकाने वेगळा समजून घ्यायला हवा. साध्या पितळी बॅलन्सवर साधी पोलादी केसकमान असेल तर तापमान एक अंशाने वाढले की घड्याळ दिवसाला सुमारे दहा-अकरा सेकंद मागे पडते, कारण उन्हाळ्यात कमान मऊ होते आणि चक्र किंचित मोठे होते. डिसेंबरमधल्या १० अंशांपासून मेमधल्या ४५ अंशांपर्यंतच्या ३५ अंशांच्या फरकात ही चूक दिवसाला सहा मिनिटांच्या आसपास जाते. म्हणून चांगल्या यंत्रांत बाहेरून पितळ आणि आतून पोलाद अशा दोन थरांचे, कडेला कापलेले बॅलन्स चक्र वापरत, जे तापल्यावर आतल्या बाजूला वाकून कमानीची ढिलाई भरून काढते. हे चक्र कडेला कापलेले असल्यामुळे चिमट्याने दाबले की कायमचे बिघडते आणि त्यावरचे बारीक स्क्रू हे वजनाचे असतात, सजावटीचे नाहीत. ते घट्ट करण्याचा प्रयत्न करू नये. शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये शोधलेल्या इन्व्हार मिश्रधातूपासून सुरू झालेल्या कामातून पुढे उष्णतेने न बदलणाऱ्या केसकमानी आल्या आणि १९२० मध्ये त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही ज्याच्याकडे जुने यंत्र आहे, त्याने ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि पत्र्याच्या छपराखालच्या खिडकीतही ठेवू नये, एवढे पाळले तर पुरे.

तबकडीला हात लावताना आणखी सावधगिरी हवी. पांढरी चकचकीत तबकडी बहुधा तांब्यावर भाजलेल्या काचमिन्याची असते आणि तिच्यातल्या केसाएवढ्या भेगा हे तिच्या वयाचे लक्षण आहे. त्यांतील काळा मळ सौम्य साबणाच्या पाण्याने कापसाच्या बोळ्याने हलकेच कमी करता येतो, पण त्या बुजवण्याच्या भानगडीत पडू नये. चंदेरी किंवा छापील तबकडीला पाणीही लावू नये. चमकणारे अंक आणि काटे असलेल्या घड्याळांत रेडियमचा रंग असू शकतो. चमक गेली म्हणजे किरणोत्सर्ग गेला असे होत नाही, कारण रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे आणि विझतो तो फक्त त्यात मिसळलेला चमकणारा पदार्थ. अशा तबकडीला खरवडू नये, तिच्यावरून फुंकर घालू नये आणि तिचे काम हातमोजे घालून, झाकण शक्य तितके बंद ठेवून अनुभवी माणसाकडून करून घ्यावे.

कोणते काम घरी करावे आणि कोणते कारागिराकडे द्यावे याची रेघ आता आखता येते. झाकण उघडणे, नोंद, छायाचित्र, जोर उतरवणे, वरवरची धूळ काढणे, चुंबकत्व काढणे आणि नियमनाचा काटा हलवणे ही कामे धीराचा वाचक शिकू शकतो. मोडलेला बॅलन्सचा आस बदलणे, वाकलेली केसकमान सरळ करणे, खड्यांची जागा ठीक करणे आणि इंग्रजी घड्याळातल्या शंकूवर गुंडाळलेल्या साखळीचे काम करणे ही सरावाच्या हाताची कामे आहेत. रामटेकपासून नागपूर सुमारे पन्नास किलोमीटर आहे आणि तेथे अजून मेकॅनिकल घड्याळ उघडणारे कारागीर शोधले तर सापडतात, पण त्यांच्याकडे जाताना ‘नवीन करून द्या’ असे म्हणण्यापेक्षा ‘जेवढे बिघडले आहे तेवढेच करा आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत द्या’ असे सांगणे शहाणपणाचे. त्याच जातीचे एखादे मोडके यंत्र सुट्या भागांसाठी मिळाले तर ते वेगळ्या जातीच्या भागापेक्षा चांगले. दोन घड्याळे जोडून बनवलेले एक घड्याळ विकताना ते मूळ म्हणून सांगितले जाते, त्यामुळे विकत घेताना झाकणावरचा क्रमांक आणि यंत्रावरचा क्रमांक दोन्ही पाहावेत, जरी ते न जुळणे नेहमी लबाडीचेच लक्षण नसले तरी. सोन्याची झाकणे वितळवण्यासाठी काढून यंत्र दुसऱ्या घरात बसवण्याचे प्रकार जुनेच आहेत.

शेवटचे काम वेळ मिळवण्याचे. बॅलन्सच्या पुलावरचा छोटा काटा केसकमानीची काम करणारी लांबी कमी-जास्त करतो, आणि त्याच्या दोन टोकांना इंग्रजी घड्याळात ‘फास्ट’ व ‘स्लो’ यांची, तर जुन्या स्विस घड्याळात फ्रेंच ‘अव्हांस’ व ‘रतार’ यांची, म्हणजे ‘ए’ व ‘आर’ ही आद्याक्षरे कोरलेली असतात. ‘ए’ कडे सरकवले की घड्याळ पुढे जाते. काटा दर वेळी केसभरच हलवावा आणि मग पूर्ण एक दिवस थांबावे, कारण त्याच दिवसात तीनदा हलवलेल्या काट्याने खरी चूक कळत नाही. चावी रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, द्यावी, मोबाइलवरच्या वेळेशी ताडून पाहावे आणि आकडा तारखेसह वहीत लिहावा: तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर, चावी डावीकडे, चावी उजवीकडे या पाच स्थितींत प्रत्येकी एक दिवस. अमेरिकेत १८९१ मध्ये ओहायोतील किप्टन येथे झालेल्या रेल्वे अपघातानंतर रेल्वेच्या घड्याळांना स्थितींच्या चाचण्या व आठवड्याला तीस सेकंदांची मर्यादा घालण्यात आली होती. शंभर वर्षांच्या घरगुती घड्याळाने पाच दिवसांच्या या वहीत दिवसाला एखाद्या मिनिटाच्या आत राहून दाखवले की काम पुरे झाले असे समजावे. केलेल्या उघडणीची तारीख कारागीर पूर्वी झाकणाच्या आत सुईने ओरखडून लिहीत असत. आता ती कागदाच्या बारीक गोल तुकड्यावर लिहून घड्याळाच्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीशेजारी, ठेवावी.